बानाबाईनं उचललेला भंडारा

मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनापलीकडं, जिथं पूर्वी ज्वारीची रानं होती अन् आता पत्र्याची घरं नि अर्धवट इमारती उभ्या आहेत, तिथं एक प्राथमिक शाळा आहे. शाळा सुटायची घंटा झाली की फाटकावर बानाबाई उभी राहते. उभी कसली, आडवीच. एक हात खांबाला, दुसरा कडीला, अन् मधून एका वेळी एकच लेकरू निघेल एवढी फट. मागून लोंढा ढकलतो, दप्तरं एकमेकांत अडकतात, कुणाची तरी चप्पल सुटते, तरी बानाबाई हलत नाही. आधी बाहेर बघते, न्यायला कोण आलंय. मग आत बघते, लेकरू कुणाचं. मग हात उचलते.

नव्यानं आलेल्या एका गुरुजींनी तिला म्हटलं होतं, "मावशी, एवढा वेळ कशाला लावता? सोडून द्या की सगळ्यांना."

"गुर्जी, तुम्ही कधी कोकरं सोडली का?"

"नाही बुवा."

"मंग ऱ्हाऊ द्या."

बानाबाईचा जन्म खुलताबादच्या डोंगराखालच्या धनगरवाड्यात झाला. चालायला लागली तशी ती कोकरांत होती. दिवसभर कोकरं वाघुरीत, म्हणजे सुताच्या जाळीच्या कुंपणात, कोंडलेली असायची. दिवस कलताना मेंढ्या चरून यायच्या. तेव्हा सगळी कोकरं एकदम सोडली तर धट्टीकट्टी कोकरं भलत्याच मेंढीला लुचतात अन् दुबळं कोकरू ओरडत राहतं. म्हणून घरची बाई वाघुरीच्या तोंडाशी बसायची, एकेक कोकरू उचलायची, त्याची आई हुडकायची अन् तिच्यापाशीच त्याला सोडायची. मेंढीनं हुंगलं, कोकराची शेपटी थरथरायला लागली, की मगच दुसऱ्याला हात. बानाबाईनं हे आईकडं केलं, लग्न झाल्यावर बिरूच्या घरी केलं. पुढं मेंढ्या गेल्या, हाताची सवय तेवढी राहिली.

आणखी एक गोष्ट तिच्यासोबत शहरात आली होती. लुगड्याच्या केळात, कमरेशी, भंडाऱ्याची एक लहानशी पिशवी. हळदीचा तो पिवळा भंडारा बिरोबाचा. त्यांच्या वाड्यात वाद झाला, संशय आला, वचन घ्यायचं झालं, तर माणूस चिमूटभर भंडारा हातात उचलून बोलायचा अन् बोललेलं मोडायचा नाही. तिचा सासरा कडूबा एकदा रागाच्या भरात भंडारा उचलून बसला होता, की सख्ख्या भावाच्या वाघुरीला पाय लावणार नाही. अख्खं साल दोघं भाऊ शेजारी राहून परक्यासारखे वागले. शेवटी भावाचा बैल मेला, मदतीला माणूस पाहिजे झालं, तेव्हा भाऊच चालत आला अन् कडूबाच्या कपाळाला भंडारा लावून म्हणाला, "दादा, मी तुला मोकळा केला." ज्याच्यापुढं उचलला त्यानंच सोडवायचा, अशी रीत. दुसऱ्या कुणाला तो हक्क नाही, उचलणाऱ्याला तर नाहीच.

मागच्या एका दुष्काळात चारा संपला, मेंढ्या गेल्या, बिरू शहरात येऊन बांधकामावर राखण करायला लागला अन् एका पावसाळ्यात तापानं गेला. बानाबाईला शाळेत काम मिळालं. झाडझूड, घंटा, फाटक. तिचा भाचा अजिनाथ, थोरल्या भावाचा पोरगा, त्यालाही तिनंच शाळेच्या रिक्षावर लावलं. "माझ्या भावाचं लेकरू हाय, माझ्यावानी जपंल," असा तिनं शब्द दिला होता.

मग पुन्हा पाऊस रुसला.

शहराला कुणी औरंगाबाद म्हणत होतं, कुणी संभाजीनगर. पाण्याची बोंब दोन्ही नावांनी सारखीच होती. शहर चहूकडं वाढत चाललं होतं, रानात प्लॉट पडत होते, मजल्यावर मजले चढत होते, अन् नळाला आठवड्यातून एकदा धार आली तर नशीब. मुकुंदवाडीची पोरं कळशा घेऊन आगगाडीत बसायची अन् मोठ्या स्टेशनावरून पाणी भरून आणायची. बाया रिकामे हंडे वाजवत क्रांती चौकापर्यंत मोर्चा घेऊन गेल्या अन् रिकामेच हंडे घेऊन परत आल्या. त्या दिवसांत वस्तीला एकच आधार होता, साहेबरावाचा बोअर.

साहेबरावाच्या बापाचीच ती सगळी जमीन. प्लॉट पाडून विकली, एक तुकडा राखला, त्यावर पत्र्याची शेड, सिमेंटची टाकी अन् कधी न आटणारा बोअर. साहेबराव पाण्याचा पैसा घेत नव्हता. पांढरा शर्ट, गळ्यात टॉवेल, टाकीशेजारी खुर्ची. बाया त्याला देवमाणूस म्हणायच्या. बानाबाईच्या घरचा हंडाही तिथंच भरायचा.

त्याच सालात शाळेच्या मोठ्या बाईंनी, खंदारे बाईंनी, एक बैठक घेतली होती. शिक्षक, खिचडीवाल्या, रिक्षावाले, सगळ्यांना बसवलं. खंदारे बाई जालन्याकडच्या, बोलायला थेट. म्हणाल्या, "लेकरू काही सांगायला लागलं तर हातातलं काम ठेवा अन् ऐका. खोदून खोदून विचारू नका. रागवू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधी देऊ नका. अन् ऐकलेलं त्याच दिवशी माझ्यापर्यंत आलं पाहिजे."

बानाबाईनं मान हलवली, पण मनात ती हसली. मोठ्या बाईंना लेकरं काय सांगणार? लेकरं सांगतात ती बानाबाईला. कुणाची पाटी फुटली, कुणाची चड्डी ओली झाली, कुणी कुणाचा डबा खाल्ला, सगळं तिच्या कानात यायचं अन् तिथंच राहायचं. "मावशीच्या पोटात ऱ्हातं," असं पोरं एकमेकांना सांगायची. या गोष्टीचा बानाबाईला फार अभिमान होता. पगाराचा नव्हता एवढा.

अक्षदा दुसरीत होती. अंबिकाची लेक. अंबिका बानाबाईच्याच समाजातली, चिकलठाण्याला कारखान्यात डबे भरायच्या कामाला. नवरा हनुमान उरलीसुरली मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला गेलेला. पोर बडबडी होती, दोन वेण्या, समोरचे दात पडलेले. शाळा सुटली की सगळ्यांच्या आधी रिक्षात चढून काठाची जागा धरायची.

तीच पोर एके दिवशी फाटकाआड लपली. उन्हाळ्यामुळं सकाळची शाळा होती, सुटायच्या वेळी ऊन टाळूवर यायचं. रिक्षा भरली, अजिनाथनं हॉर्न वाजवला, अन् अक्षदा काही येईना.

"काय गं, पाय भाजत्यात का?" बानाबाई म्हणाली.

पोर मुकाट्यानं आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोट दुखतं म्हणाली. बानाबाईनं डबा उघडून बघितला, अर्धा खाल्लेला. "लाडाला आली," म्हणून तिनं पोरीला दोन्ही बगलांत हात घालून उचललं, हट्टी कोकराला उचलावं तसं, अन् रिक्षात नेऊन ठेवलं. रिक्षा निघाली तेव्हा पोरीनं मागं वळून बघितलं. ओरडली नाही, रडली नाही, नुसतं बघितलं.

ते बघणं बानाबाईसोबत घरी आलं. भाकरी थापताना तिला एकदम आठवलं. कोकरू आईच्या थानाला जाईना, तेव्हा तिची आई काय करायची? कोकराला बडवायची नाही. वाकून मेंढीचं थान बघायची. काटा रुतलाय का, सूज आलीय का, गोचीड लागलीय का. भुकेलं कोकरू उगीच मागं सरत नाही, हे वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अन् आपण काय केलं? उचलून नेऊन ठेवलं.

भाकरी तव्यावर करपली. कारण पुढचा विचार वाईट होता. रिक्षा कुणाची? अजिनाथची.

दुसऱ्या दिवशी घंटा झाल्यावर तिनं अक्षदाला आधीच बाजूला घेतलं अन् बाकीची पोरं रिक्षात चढू दिली.

"आत्या, एक कमी हाय!" अजिनाथ ओरडला.

"ती माझ्यासंगं येती. तू जा."

"का? रिक्षाचं पाणी बाधलं का तिला?" तो हसला. चांगला हसरा पोरगा. बानाबाईनं त्याच्या हसण्याकडं असं बघितलं, जसं याआधी कधी बघितलं नव्हतं, अन् तिचं तिलाच कसंतरी झालं.

"जा म्हणलं ना."

रिक्षा धूळ उडवत गेली. शाळेच्या मागच्या पायरीवर, निंबाच्या सावलीत, दोघी बसल्या. बानाबाई काही विचारेना. लिंबोळ्या वेचत राहिली. बऱ्याच वेळानं पोर म्हणाली, "मावशी, तुझ्या पोटात ऱ्हातं ना?"

"ऱ्हातं की."

"तसं नाय. आण घे."

"कुणाची?"

"बिरोबाची. भंडारा उचलून. कुण्णाला सांगणार नाय म्हण."

इथं बानाबाई थांबायला पाहिजे होती. मोठ्या बाईंचं बोलणं तिला आठवलंही होतं. पण पोर तोंड उघडायला आली होती, अन् आत्ता नाही म्हटलं तर ते तोंड पुन्हा मिटलं असतं. शिवाय खरं सांगायचं तर आण घेताना तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात अजिनाथही उभा होता. त्याचंच नाव निघालं तर घरातल्या घरात बघता येईल, भावाची अब्रू राहील, असंही तिला वाटून गेलं. तिनं कमरेची पिशवी काढली, चिमूटभर भंडारा उचलला अन् म्हणाली, "कुणाला सांगणार नाय. बिरोबाची आण."

तेव्हा पोरीनं सांगितलं. तुटक तुटक, चपलेच्या अंगठ्याकडं बघत.

अजिनाथ दादा रोज साहेबरावाच्या बोअरवर रिक्षा थांबवतो. त्याला घरचे कॅन भरायचे असतात. पोरं रिक्षातच बसतात. साहेबराव काका एकेकाला गारेगार देतात. तिला मात्र शेडमध्ये बोलवतात. मांडीवर बसवतात. ती उठते म्हणते तर सोडत नाहीत. फ्रॉकच्या आत हात घालतात.

"अन् म्हणाले, घरी सांगितलं तर तुमचं पाणी बंद. तुझ्या आईला हंडा भरू देणार नाय. आई मंग कुठून आणंल?"

बानाबाईनं हातातल्या लिंबोळ्या खाली ठेवल्या. पोरीला तिनं जवळ ओढलं नाही, पोरीनं अंग चोरलेलं तिला दिसत होतं. ती फक्त म्हणाली, "तू मला सांगितलं, लई चांगलं केलं. तुझं काय बी चुकलं नाय." हे वाक्य बैठकीत ऐकलेलं. तेवढं एक डोक्यात राहिलं होतं, म्हणून बरं.

अजिनाथ नव्हता. छातीवरचा एक दगड उतरला अन् लगेच दुसरा चढला. आपलाच भाचा कॅन भरत बसतो अन् लेकरं त्या माणसाच्या दारात सोडतो. अन् आपण शब्द दिला होता, माझ्यावानी जपंल म्हणून.

मग पोर आपणहून म्हणाली, "आज मी नाय गेले. आज तो तनुजाला बोलवंल का?"

बानाबाई ताडकन उभी राहिली. तनुजा त्याच रिक्षात होती. रिक्षा आत्ता कुठं असेल? बोअरवरच. कॅन भरायला वेळ लागतो. आतल्या खोलीत मोठ्या बाई बसलेल्या होत्या, दार उघडं होतं, दहा पावलांवर मदत होती. अन् हिच्या बोटांना अजून घामानं ओला झालेला भंडारा चिकटलेला.

तिच्या वाड्यात भंडाऱ्याची आण मोडलेलं माणूस तिनं बघितलं नव्हतं. असं माणूस कसं दिसतं, तेच तिला माहीत नव्हतं. मोडायची तर मोडू, बिरोबा मला काय करायचं ते करो, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. पण समोर पोर होती. देवाचं एकवेळ बघता आलं असतं. एका मोठ्या माणसानं तिला फसवलं होतं, आता दुसऱ्यानंही तिच्या डोळ्यादेखत दिलेला शब्द मोडायचा? मग ही पुन्हा कुणाला काही सांगणारच नाही.

ती पोरीपुढं उकिडवी बसली. म्हातारे गुडघे कडकड वाजले.

"अक्षदे, तुझा बाप मेंढरं राखतो. लांडगा आला तर एकटा काय करतो?"

"हाळी मारतो. दुसऱ्याला बोलवतो."

"का?"

"एकट्याच्यानं हाकलत नाय."

"माझ्या एकटीच्यानं बी हाकलत नाय, बाळा. मला हाळी मारायची हाय. पण तू माझं तोंड बांधलंस. म्या चुकले, म्या बांधून घेतलं. आता ते तुलाच सोडता येतं, दुसऱ्या कुणाला नाय."

पोरीनं विचार केला. तिच्या कपाळावर आठी पडली, अंबिकाच्या पडते तशीच. "कुणाला सांगणार?"

"मोठ्या बाईला. अन् बाई पोलिसातल्या बाईला सांगंल. खोटं नाय बोलत, दोघी-चौघींना कळंल. पण चावडीवर नाय मांडणार."

"अन् पाणी?"

बानाबाई खरं तेच म्हणाली. "पाण्याचं मला ठाव नाय. पण तुझ्या आईला हंडा पायजे का तू पायजे, हे मला ठाव हाय."

रस्त्यावरून एक टँकर खडखडत गेला. मग पोरीनं पिशवीत बोट बुडवलं अन् बानाबाईच्या कपाळाला भंडारा फासला. एवढासा लावायचा तर भुवईपासून केसांपर्यंत फासला.

"सोडली."

बानाबाई उठली ती धावलीच. तिला धावताना शाळेनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

खंदारे बाईंनी सगळं ऐकलं. मधे एकही प्रश्न विचारला नाही. अक्षदाला त्यांनी पहिलीच्या बाईंजवळ बसवलं अन् अजिनाथला फोन लावला. रिंग जात होती, तो उचलेना. पाण्याच्या मोटरीपुढं त्याला काय ऐकू येणार!

"चला मावशी. गाडीवर बसता येतं ना?"

"घोड्यावर बसले हाय म्या. ही तर कोकरावानी हाय."

पण स्कूटी सुरू झाल्यावर तिनं मोठ्या बाईंच्या कमरेला अशी मिठी मारली, की बाईंना श्वास घेता येईना. उन्हाची झळ, खड्डे, खडी, डोक्यावरचा पदर सुटून वाऱ्यावर फडफडत होता. एरवी या सवारीवर बानाबाईनं आठवडाभर पोरांना हसवलं असतं. त्या दिवशी ती सारखी एकच म्हणत होती, "बिगी बिगी बाई, बिगी बिगी."

बोअरच्या फाटकाशी रिक्षा उभी होती. अजिनाथ पाठमोरा, नळी धरून कॅनवर वाकलेला. पोरं रिक्षात गारेगार चोखत होती. अन् तनुजा, तिसरीतली, एक पाय खाली टाकून उतरत होती. शेडच्या दारातून साहेबराव हात हलवत होता, "ये गं ये, तुला लाल रंगाचं देतो."

"तनुजा!" मोठ्या बाईंनी हाक मारली. आवाज वर्गात मारतात तसाच, ना जास्त ना कमी. "बस जागेवर. मी आलेय."

तनुजानं पाय वर घेतला.

बानाबाईनं तोवर जमिनीवरचा धोंडा उचलला होता. मोठ्या बाईंनी तिचं मनगट धरलं. "मावशी, आधी लेकरं. त्याचं बघणारी माणसं येतील." मग साहेबरावाकडं न बघता त्यांनी किल्ली मागावी तशी अजिनाथकडं हात पुढं केला. "नळी सोड. रिक्षा शाळेत घे. मी मागून येते."

"बाई, दोन कॅन राहिलेत फक्त..."

"अज्या!" बानाबाई एवढंच म्हणाली. त्यानं आत्याच्या कपाळाकडं बघितलं, सगळं पिवळंधमक, अन् नळी टाकून दिली.

साहेबराव हसत पुढं आला. "काय झालं बाईसाहेब? पाणी पाहिजे होतं का शाळेला?"

"नको," खंदारे बाई म्हणाल्या.

शाळेत सगळी पोरं परत आली, पंख्याखाली बसली, तेव्हा कुठं बानाबाईनं श्वास सोडला. एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली. सगळी होती. ती भिंतीला टेकली अन् खाली बसली. तनुजा म्हणाली, "मावशी, तुझ्या कपाळाला काय झालं?" अन् सगळी पोरं हसली, अक्षदासुद्धा.

खंदारे बाईंनी १०९८ ला, लेकरांच्या मदतीच्या नंबरावर, फोन केला, पोलिसांना केला, मग कारखान्यात फोन करून अंबिकाला बोलावलं. पोलिसातली बाई साध्या साडीत आली, अक्षदाशेजारी खाली बसली, तिनं काढलेलं चित्र बघत बघत बोलली. एकदाच विचारलं, हळू विचारलं. अंबिका बाजूला होती. तिला आधी सांगितलं तेव्हा ती खांबासारखी उभी राहिली होती अन् पहिला शब्द तिच्या तोंडातून निघाला तो, "तरीच हंडा भरायला मी पोरीला पाठवायचे तर रडायची." मग तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला हात उचलला. बानाबाईनं तो हात धरला. "तुझं नाय. त्याचं. सगळं त्याचं."

साहेबरावाला दिवस मावळायच्या आत नेलं. आणखी दोन घरांतल्या आया दुसऱ्या दिवशी आपापल्या लेकरांना घेऊन मोठ्या बाईंकडं आल्या. ते पुढं कोर्टात गेलं. ती गोष्ट लांबची आहे अन् तिथं जे व्हायचं ते होतंय.

पण साहेबरावाला नेलं त्या संध्याकाळी बोअर बंद होता. फाटकाला कुलूप. रिकाम्या हंड्यांची रांग तशीच राहिली अन् बायांची तोंडं सुटली. पोरीचं नाव मोठ्या बाईंनी बाहेर जाऊ दिलं नव्हतं, म्हणून सगळा राग बानाबाईवर निघाला. शेजारच्या सांडूची बायको रस्त्यात म्हणाली, "बानाबाई, आता तुमच्या भंडाऱ्यानं हंडे भरा आमचे." अजिनाथचा बाप, बानाबाईचा थोरला भाऊ, दारात येऊन न बसता गेला, पोराची रिक्षा शाळेनं थांबवली, वर तोंड दाखवायची सोय राहिली नाही म्हणाला. बानाबाईच्या घरात प्यायला तांब्याभर पाणी होतं. त्यातलं अर्धं तिनं अंबिकाकडं नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरीचा आवाज आला.

बाया धावल्या. फाटक उघडं होतं. टाकीजवळच्या खुर्चीवर कुणी बसलेलं नव्हतं. खुर्ची उलटी करून बाजूला टाकली होती. नळी हातात धरून साहेबरावाची आई उभी होती, गोजरबाई. ऐंशीकडं झुकलेली, घराबाहेर फारशी न पडणारी म्हातारी. पदर नाकापर्यंत ओढलेला. ती म्हणाली, "भरा. रांगंनं या." मग नळीची धार पहिल्या हंड्यात सोडून, वर न बघता म्हणाली, "अन् लेकरांना पाठवू नका. मोठ्या माणसांनीच या."

अंबिका रांगेत शेवटी उभी होती, जावं की न जावं अशी. तिची पाळी आली तेव्हा गोजरबाईनं हंडा भरला, काठोकाठ, अन् उचलून तिच्या डोक्यावर चढवताना तिचा हात थोडा वेळ हंड्यावरच राहिला. कोण काय जाणत होतं, देव जाणे. अंबिका घरी आली, हंडा उतरवला अन् अक्षदाला म्हणाली, "बघ. पाणी हाय." पोरीनं हंड्यात हात घालून बघितलं. मग ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली ती थेट दुपारपर्यंत.

अजिनाथ काही दिवस बिनकामाचा हिंडला. मग एका संध्याकाळी आत्याच्या दारात येऊन बसला.

"आत्या, म्या काय केलं नव्हतं."

"ठाव हाय. काय केलंच नाय तू. कॅनाकडं बघत बसला, लेकरांकडं नाय बघितलं."

तो खाली मान घालून म्हणाला, "तुला माझा संशय आला होता ना?"

बानाबाई खोटं बोलली नाही. "आला होता. रातभर जळले म्या. तुझं नाव निघालं असतं तरी गेलेच असते बाईकडं," असं म्हणाली अन् मग थांबली. गेलो असतो का आपण? लगेच? तिनं चुलीत काटकी सारली. "गेले असते," ती पुन्हा म्हणाली, या वेळी हळू. "चहा घे."

जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा अजिनाथनं मोठ्या बाईंपुढं उभं राहून कबूल केलं की शाळा ते घर, मधे चाक थांबणार नाही. शाळेनं रिक्षाला एक मदतनीस बाईही दिली. पहिले काही दिवस बानाबाई स्वतः मागं बसून प्रत्येक दारापर्यंत जात होती. अजिनाथ चिडायचा, "आत्या, तुझ्या वजनानं टायर बसतंय." "बसू दे. हवा भर," ती म्हणायची.

लेकरं अजूनही बानाबाईच्या कानाशी येतात. परवा पहिलीतला शिवम आला, ओठ फुगवून. "मावशी, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाय. आण घे."

"आण नाय घेत आता. भंडारा संपला माझा." पिशवी कमरेलाच होती. "तू सांग. माझ्याच्यानं एकटीच्यानं होण्यासारखं असंल तर पोटात ठेवीन. नसंल तर हाळी मारीन. अन् हाळी मारायच्या आधी तुला सांगीन."

शिवमनं इकडंतिकडं बघितलं, परवडतंय का याचा अंदाज घेतला अन् सांगून टाकलं. त्यानं वर्गातला डस्टर खिडकीबाहेर फेकला होता. तो कौलावर अडकला होता. ते मात्र बानाबाईच्या पोटात राहिलं. डस्टर तिनं बांबूनं काढला.

घंटा झाली. ढग आले होते, नुसतेच आले होते, तरी सावली बरी वाटत होती. बानाबाईनं फाटक फटीएवढं उघडलं. बाहेर बघितलं, आत बघितलं, हात उचलला. एकेक लेकरू निघत गेलं. अक्षदाचे समोरचे दोन दात आता अर्धे आले होते. ती हाताखालून निसटली, रिक्षाकडं पळाली, तनुजाला ढकलून काठाची जागा धरली अन् दोघींचं भांडण सुरू झालं.

बानाबाई बघत राहिली. रिक्षा निघाली. पोरीनं मागं वळून बघितलं नाही, भांडणातच होती. बानाबाईनं मग पुढच्या लेकराला हात उचलला.